हरीण कुणाचं आणि शेत कुणाचं?

जिल्हा बैठकीत भाव, वीज, कर्ज हे नेहमीचे विषय आटोपतात, सतरंज्या गोळा व्हायला लागतात, तेव्हा मागच्या रांगेतून एखादा शेतकरी उभा राहतो आणि विचारतो, "भाऊ, ते सगळं बरोबर, पण रोह्याचं काय करता?" मंडपात हशा पिकतो. विचारणारा हसत नाही. फुलावर आलेली त्याची तूर कळपाने एका रात्रीत लोळवलेली असते. आजवर आम्हीही "हो, त्यावरही बोलू" म्हणून या प्रश्नाला बगल देत आलो, हे कबूल केले पाहिजे. या अंकात बगल द्यायची नाही.

उत्तराची सुरुवात मात्र जरा लांबून, अमेरिकेतून करावी लागते. तिथे हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी एक गोष्ट घडते, ती आपल्याकडच्या माणसाला ऐकून खरी वाटणार नाही. शिकारी शेतकऱ्याच्या दारात येतो आणि परवानगी मागतो.

ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, किंवा ज्याची जुनी जागा हातची गेली, असा शिकारी नवी जागा हुडकायला निघतो. आधी नकाशा. कुठली जमीन कुणाच्या नावावर आहे, हे दाखवणारे नकाशे तिथे सहज मिळतात. सोयाबीन आणि मक्याची शेते झुडपी जंगलाला कुठे भिडतात, नाला कुठून जातो, ओकच्या झाडाखाली फळांचा सडा कुठे पडतो, यावर तो खुणा करतो. मग दिवसाउजेडी, बंदूक न घेता, मालकाच्या घरी जातो. मालक हो म्हणाला तर शिवार पायाखाली घालतो. ओल्या मातीत उमटलेले खूर, लेंड्या, नराने शिंगे घासून सोललेली झाडाची साल, दिवसा बसायच्या झाडीतून रात्री चरायच्या शेताकडे पडलेली पाऊलवाट, सगळे बघतो. कुणी झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधतो. मालकाच्या अटी असतात: फाटक उघडे टाकायचे नाही, गुरांकडे फिरकायचे नाही, सांगितली तेवढीच माणसे, सांगितले तेवढेच दिवस. कुणी शेतकरी ओळखीवर फुकट येऊ देतो, कुणी बदल्यात कुंपण दुरुस्त करून घेतो आणि पुष्कळजण सरळ एकरी भाडे ठरवून वर्षाचा करार करतात. टेक्सास राज्यात बांधावरच्या झाडाला किंवा खांबाला जांभळ्या रंगाचे उभे पट्टे ओढले की "आत येऊ नका" असा त्याचा कायदेशीर अर्थ होतो. पट्टे ओलांडणारा गुन्हेगार ठरतो.

आमचे बांध तर बांध, सातबाराही कुणी एवढ्या आदराने वाचत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. अमेरिकेतले जंगली हरीणसुद्धा शेतकऱ्याच्या मालकीचे नाही. ते राज्यातल्या जनतेचे मानले जाते. हंगाम किती दिवसांचा आणि कुणी किती मारायची, हे राज्य ठरवते. परवाना राज्याचा. रानात मारलेल्या हरणाचे मांस बाजारात विकता येत नाही. शेतकऱ्याच्या हातात एकच गोष्ट आहे: माझ्या जमिनीवर पाऊल कोण ठेवणार हे मी ठरवणार. एवढ्या एका अधिकारातून हरणाला शेतकऱ्याच्या लेखी किंमत येते. मका खाणारे जनावर नुकसान तर करतेच, पण वर्षाकाठी चार पैसेही मिळवून देते. मग त्याला विष घालावेसे वाटत नाही. ज्यांना जास्तच त्रास होतो त्यांना अनेक राज्ये पीक वाचवण्यासाठी हंगामाबाहेरही हरणे मारण्याचा वेगळा परवाना देतात. विस्कॉन्सिन राज्यात नुकसानभरपाईची योजना आहे, तिच्यातली अट ऐकण्यासारखी आहे: भरपाई हवी असेल तर शेत शिकाऱ्यांना खुले ठेवा. सरकार पैसे देते आणि जनावर कमी करण्याची वाटही मोकळी ठेवते.

यावर शहरातले प्राणिमित्र म्हणतील, असे केले तर हरणे संपतील. 1900 च्या सुमारास अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे खरोखरच संपत आली होती, जेमतेम पाच लाख उरली असावीत असा अंदाज आहे. बाजारात मांस आणि कातडे विकण्यासाठी झालेल्या बेबंद शिकारीने आणि जंगलतोडीने ती वेळ आणली होती. मग बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार 1900 च्या कायद्याने बंद झाला. हंगाम ठरले, हरणे नव्या ठिकाणी नेऊन सोडली गेली. 1937 साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. आज ती हरणे तीन कोटींच्या आसपास आहेत. लांडगे मारले गेले हेही त्याचे एक कारण आहे, सगळे श्रेय शिकारीला देण्याचा खोटेपणा आम्ही करणार नाही. पण जिथे दरवर्षी शिकार होते तिथे हरीण टिकले आणि वाढले, ही गोष्ट लपत नाही.

आता खरी गंमत. आपला रोही, म्हणजे नीलगाय, टेक्सासात आहे. 1920 च्या दशकापासून दक्षिण टेक्सासातल्या मोठ्या कुरणांवर ही जनावरे सोडली गेली. आपले काळवीट 1930 च्या दशकात तिथे पोचले. (शास्त्राप्रमाणे ही दोन्ही हरणे नव्हेत, कारण त्यांची शिंगे गळत नाहीत. ज्याचे शेत खाल्ले गेले तो शिंगे मोजत बसत नाही.) बाहेरून आलेली जनावरे म्हणून त्यांना तिथे बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. शिकाऱ्याजवळ परवाना असला आणि जमीनमालक हो म्हणाला की झाले. एका नीलगाईमागे शिकारी हजार डॉलरपेक्षा जास्त मोजतो. तिचे मांस तपासून, शिक्का मारून हॉटेलांना विकले जाते. या जनावरांमुळे गुरांच्या तापाच्या गोचिडी पसरतात म्हणून तिथले सरकार हैराण आहे, तेही सांगितले पाहिजे. पण यवतमाळच्या शेतकऱ्याला जो रोही रात्रभर जागवतो, तोच टेक्सासच्या शेतकऱ्याला पैसे कमावून देतो. जनावर तेच. मधे फक्त कायदा आहे.

तो कायदा 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. आधी परवाना घेऊन काही जनावरांची शिकार करता येत असे, 1991 च्या दुरुस्तीने ती बंद झाली. त्याच 1991 साली दक्षिण आफ्रिकेने कायदा करून नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरच्या जंगली जनावरांची मालकी शेतकऱ्याकडे ठेवली. आपल्याकडे काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याने पीक खाल्ले हे कारण कायद्यापुढे चालत नाही. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका हे कारण तिथे चालते, पण हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा आणि तोही लेखी हवा. हुकूम येईपर्यंत तुरीच्या तुराट्या होतात. आणि कलम 39 वाचा: शिकार झालेले किंवा मेलेले आढळलेले जंगली जनावर ही सरकारची मालमत्ता. जिवंत असून तुमची तूर खात असते तेव्हा त्याला मालक नसतो, बांधावर मरून पडले की मालक जीपमधून येतो.

कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, अवघे 2.17 चौरस किलोमीटरचे. काळविटाला तिथली हद्द ठाऊक नाही. त्याला ज्वारी आणि हरभरा ठाऊक आहे. अभयारण्य सरकारचे, चारा भोवतालच्या शेतकऱ्याचा. सरकारने कधी या चाऱ्याचे बिल विचारले आहे काय?

शेतकरी गप्प बसलेला नाही. माळ्यावर जागल करतो, फटाके फोडतो, घरातल्या जुन्या साड्या काठीला बांधून शेताला वेढा घालतो, कर्ज काढून झटका मशीन बसवतो. कुणी रागाच्या भरात तारेत घरची वीज सोडतो. त्या तारेवर रोही मरतोच असे नाही. कधी वाघ मरतो, कधी शेजारी मरतो, कधी पहाटे पाणी द्यायला गेलेला स्वतःचा मुलगा. हे आम्ही स्पष्ट सांगतो: कुणीही असला करंट लावू नये. पण कायद्याची वाट बुजवून ठेवली की माणूस या वाटेला लागतो, याची जबाबदारी वाट बुजवणाऱ्यांनी घेतली पाहिजे.

सरकारने काही केलेच नाही असे नाही. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर यांना ठराविक मुदतीसाठी उपद्रवी ठरवले. जून 2016 मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. दिल्लीत त्यावरून केंद्राचेच दोन मंत्री एकमेकांशी भांडले. केरळने मे 2022 मध्ये रानडुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार पंचायत अध्यक्षापर्यंत खाली आणला. मारलेले जनावर मात्र पुरून टाकायचे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केले की खरीप 2026 पासून जंगली जनावरांनी केलेले नुकसान पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून घेता येईल. प्राण्यांची यादी आणि क्षेत्र राज्याने जाहीर करायचे, शेतकऱ्याने 72 तासांत मोबाइलवर फोटोसह कळवायचे. रोही रात्री येतो आणि फोटोसाठी थांबत नाही, हे विम्याच्या कचेरीला कुणीतरी सांगायला हवे.

मग टेक्सासची नक्कल करायची का? जशीच्या तशी करता येणार नाही. तिथे राज्याची 95 टक्के जमीन खाजगी, एकेका मालकाची कुरणे हजारो एकरांची. 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी धारण क्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. रोही एकाच्या शेतात बसतो, दुसऱ्याच्या शेतात चरतो आणि तिसऱ्याच्या विहिरीत पडतो. एकट्या शेतकऱ्याने परवानगी देऊन भागणार नाही. गोळीही बांधावर थांबत नाही. म्हणून आमच्या मते एकक गावचे शिवार असावे. कोणते जनावर किती झाले, ते ग्रामसभेने वनखात्यासह मोजावे. वरून संख्या ठरवून मिळावी. त्या संख्येपुरता बाहेरचा परवानाधारक शिकारी गावात आला तर त्याने आधी ग्रामसभेची परवानगी मागावी, पैसे भरावेत आणि तो पैसा ज्यांचे पीक गेले त्यांना मिळावा. काळविटासारख्या जनावराला देशाला हातही लावू द्यायचा नसेल तर आमची हरकत नाही. मग देशाने चराईचे भाडे द्यावे, पंचनाम्याची भीक नको.

राजेरजवाडे शेतातून घोडे घालून शिकार खेळत, ते दिवस आम्हाला परत नकोत. आणि शिवार वाचणारी माणसे शोधायला हैदराबादला जायचीही गरज नाही. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने हरणाजवळ पोचणारा आणि खुरावरून कळप ओळखणारा फासेपारधी आपल्याच शिवारालगत पालात राहतो. 1871 च्या इंग्रजी कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सुरुवात केली, 1972 च्या कायद्याने त्याचा धंदा काढून घेतला. जनावरे मोजायचे काम निघाले तर पहिली मजुरी त्याला मिळावी.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. तारीख, गट नंबर, पीक, किती गुंठे गेले, कुठल्या जनावराने, जागलीच्या किती रात्री आणि अर्ज दिला असल्यास त्याची पोच. वही नसेल तर शाळेच्या जुन्या वहीची कोरी पाने चालतील. यावेळी रोह्याचा विषय सतरंज्या गोळा करताना निघणार नाही, पहिलाच घेऊ.