आधी दुसरी प्रत, मग अपग्रेड

विंडोज १० या संगणक प्रणालीला मोफत सुरक्षा अद्यतने पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यामुळे घरांतून, शाळांतून, दवाखान्यांतून विंडोज ११ कडे जाण्याची लगबग सुरू झाली. अशी स्थलांतरे होतात तेव्हा एक जुनी तक्रार हटकून डोके वर काढते. संगणक अपग्रेड केला आणि बाहेरून जोडायची हार्ड डिस्क दिसेनाशी झाली, किंवा दिसते पण उघडत नाही, किंवा उघडण्याआधी ‘फॉरमॅट करा’ म्हणते. त्या डिस्कवर कुणाचे लग्नाचे फोटो असतात, कुणाचा पीएचडीचा प्रबंध, कुणाच्या दवाखान्यातील दहा वर्षांची सोनोग्राफीची चित्रे. तक्रार तांत्रिक असली तरी नुकसान माणसाचे असते, आणि ते बहुतेक वेळा टाळता येण्याजोगे असते.

ही भीती अगदीच निराधार नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ॲपलने मॅव्हरिक्स ही प्रणाली मोफत उपलब्ध केली. त्यानंतर काही दिवसांतच वेस्टर्न डिजिटलच्या बाह्य डिस्क रिकाम्या झाल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने ग्राहकांना ईमेल पाठवून, डिस्कसोबत दिलेली आपलीच काही सॉफ्टवेअर काढून टाकावीत आणि तोवर अपग्रेड लांबवावे, असे सांगितले. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या अद्यतनाने काही वापरकर्त्यांच्या फोल्डरमधील फाइलीच पुसल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत ते मागे घेतले आणि नोव्हेंबरच्या मध्यावर दुरुस्त करून पुन्हा दिले. याची तक्रार चाचणीच्या काळातच काहींनी नोंदवली होती; पण तक्रारदार थोडे असल्याने ती गर्दीत हरवली. पुढे कंपनीने तक्रारीची तीव्रता नोंदवण्याची सोय केली. पुढच्याच वर्षी, मे २०१९ च्या अद्यतनाच्या वेळी, संगणकाला यूएसबी डिस्क किंवा मेमरी कार्ड जोडलेले असेल तर मायक्रोसॉफ्टने काही संगणकांवर अपग्रेडच रोखून धरले. कारण अपग्रेडमध्ये डिस्कना दिलेल्या अक्षरांची अदलाबदल होत होती. अपग्रेडपूर्वी बाह्य डिस्क काढून ठेवा, हा सल्ला तेव्हा खुद्द कंपनीकडूनच आला होता.

तरीही बहुतेक प्रसंगी डिस्क मेलेली नसते. तिच्यावरचा मजकूर आणि त्या मजकुराची नोंदवही या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागात आहे, हे नोंदवहीत लिहिलेले असते. संगणक आधी ती वाचतो आणि मग फाइलीकडे जातो. सातबारा गहाळ झाला म्हणून शेत वाहून जात नाही, तसेच नोंदवही बिघडली किंवा नव्या प्रणालीला ती वाचता आली नाही म्हणून फाइली नष्ट होत नाहीत. मात्र त्याच शेतावर दुसऱ्याच्या नावाचा नवा सातबारा चढला आणि त्याने तिथे बांधकाम केले, तर जुने शेत परत मिळणे कठीण. ‘फॉरमॅट’ म्हणजे हा नवा सातबारा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात, त्यानंतर काही उरत नाही. ‘क्विक’ फॉरमॅटमध्ये जुना मजकूर काही काळ शिल्लक राहू शकतो. पण एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये तीही आशा धरता येत नाही. मोकळी झालेली जागा ती डिस्क स्वतःच साफ करू शकते.

डिस्क न दिसण्याची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. दोन ड्राइव्हना एकच अक्षर मिळाले की एक लपतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दुसरे अक्षर दिले की तो पुन्हा दिसतो. संगणकाच्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, ३.० मधून ९००. फिरत्या डिस्कला ती कमी पडली की ती चालू-बंद होत राहते. अपग्रेडनंतर यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग बदलली असेल तर डिस्क मध्येच झोपी जाते. जुनी केबल किंवा स्वस्तातला हब हेही नेहमीचे संशयित. मॅकवर वेगळी अडचण येते. विंडोजसाठी एनटीएफएस पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर मॅक वाचू शकतो, लिहू शकत नाही. आणि नव्या मॅकवर एपीएफएस पद्धतीने तयार केलेली डिस्क २०१७ पूर्वीच्या प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या मॅकला बहुधा ओळखताच येत नाही. यांतला एकही प्रकार डिस्कच्या मृत्यूचा दाखला नव्हे.

म्हणून डिस्क हट्टाला पेटली तर पहिला नियम एकच: तिच्यावर काहीही लिहू नका. फॉरमॅटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणा. दुसरी केबल, दुसरा पोर्ट आणि शक्य तर अपग्रेड न झालेला दुसरा संगणक वापरून पाहा. तिथे डिस्क उघडली तर दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी सारे दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा. तो बिघाड यंत्राचा आहे आणि प्रत्येक प्रयत्नागणिक तो वाढतो. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवी. ती त्याच संगणकात ठेवणे म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेणे. अपग्रेडपूर्वी ती कागदावर उतरवून ठेवावी.

पण हे सारे उपाय घटना घडून गेल्यानंतरचे आहेत. मूळ दुखणे आपल्या सवयीत आहे. फोन किंवा लॅपटॉप भरला की आपण फाइली बाह्य डिस्कवर हलवतो, मूळ जागेवरून पुसतो आणि ‘बॅकअप घेतला’ म्हणून निश्चिंत होतो. हा बॅकअप नव्हे, हे घर बदलणे आहे. प्रत एकच राहते, फक्त तिची जागा बदलते. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला तीन-दोन-एकचा नियम इथे उपयोगी पडतो: महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. सामान्य कुटुंबाला एक डिस्क, लॅपटॉप आणि क्लाउडवरची जागा एवढ्यावर हे जमते. त्यातही वर्षातून एकदा प्रत उघडून पाहायला हवी. न तपासलेली प्रत ही फक्त समजूत असते.

आरोग्य क्षेत्रात ही समजूत महागात पडू शकते. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांना बंधनकारक आहे आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. नोंदींचे संगणकीकरण करावे, असेही ती नियमावली सांगते. मोठ्या रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग असतो. तालुक्याच्या गावी एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात मात्र सारा भार टेबलावरच्या एका डिस्कवर असू शकतो. कर्करोगाच्या रुग्णाची गाठ वाढली की आक्रसली, हे ठरवायला जुने चित्र लागते. ते गेले तर नवे काढता येईल, पण सहा महिन्यांपूर्वीचे शरीर परत कुठून आणायचे?

यावर ‘मग अपग्रेडच नको’ असे उत्तर काही जण देतात. ते अधिक धोकादायक आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेला जबर तडाखा दिला. रुग्णांच्या हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अद्यतन दोन महिने आधीच आले होते. अनेक संगणकांवर ते घातलेच गेले नव्हते. असा विषाणू संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कलाही कुलूप ठोकतो. म्हणजे अपग्रेड हवेच, आणि प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात ठेवणेही हवे. दोन्ही सवयी एकाच शिस्तीच्या आहेत.

सारा भार वापरकर्त्यावर टाकून मात्र चालणार नाही. न वाचता आलेल्या डिस्कबाबत ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ असे सांगणारी सूचना चुकीची वाट दाखवते. पुढच्या पायरीवर सारे पुसले जाईल असा इशारा येतो खरा. पण ‘या डिस्कवर तुमच्या फाइली अजून असू शकतात’ हे महत्त्वाचे वाक्य पहिल्याच चौकटीत, वापरकर्त्याच्या भाषेत, मराठीतही, का नसावे? अपग्रेड सुरू होण्याआधी ‘बाह्य डिस्क काढा, दुसरी प्रत आहे का ते पाहा’ असे विचारायला कंपन्यांना फारसा खर्च येणार नाही. डॉक्टरांच्या संघटनांनी आणि आरोग्य विभागाने लहान दवाखान्यांसाठी नोंदींच्या प्रतींची साधी, एका पानाची कार्यपद्धती आखून द्यावी. शाळा-महाविद्यालयांत संगणक शिकवताना फाइल बनवण्याइतकेच तिची दुसरी प्रत ठेवणेही शिकवावे.

विंडोज १० वरून अजून न हललेल्यांपैकी ज्यांनी वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवले, त्यांना एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मुदत मिळाली. अशी मुदत अपग्रेड ढकलत राहण्यासाठी नसते. या रविवारी दुसरी डिस्क आणावी, पहिलीवरचे सारे तिच्यावर उतरवावे, दहा-वीस फाइली उघडून पाहाव्यात, दोन्ही डिस्क संगणकापासून सोडवून ठेवाव्यात. अपग्रेडचे बटण त्यानंतर दाबावे.