गाडीचे पासिंग आणि व्यापाऱ्याचा माल

उर्दूत व्याख्येला ‘तारीफ’ म्हणतात आणि स्तुतीलाही ‘तारीफच’ म्हणतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ मध्ये मात्र नुसत्या व्याख्याच आहेत. वाचायला रूक्ष, पण भिवंडीहून दासगाव, महाड, पोलादपूरला माल आणणाऱ्या कापडवाल्याचा खिसा त्यांच्यावरच अवलंबून आहे.

पहिली व्याख्या मालवाहू गाडीची. फक्त मालासाठी बनवलेली गाडी ती मालवाहू, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु व्याख्येचा दुसरा भाग असा की, मालासाठी न बनवलेली गाडीही माल नेण्यासाठी वापरली तर ती मालवाहूच समजावी. म्हणजे कायदा गाडीचा आकार पाहत नाही, वापर पाहतो. घरच्या ईकोची मागची सीट काढून साड्यांचे गठ्ठे भरले किंवा सहा आसनी मिनीडोरमध्ये उताऱ्यांऐवजी तागे रचले, की कागदावरची गाडी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी झाली. यात खरा धोका दंडाचा नाही, विम्याचा आहे. खाजगी मोटारीच्या विमा पॉलिसीत वापराच्या अटी असतात. त्यांत नमुने आणि स्वतःचे सामान यांखेरीज मालाची वाहतूक वगळलेली असते. नमुन्याचे चार तागे चालतील, दुकानाचा माल चालणार नाही. अपघात झाल्यावर कंपनी प्रथम हेच कलम काढते.

दुसरी गोष्ट वजनाची. आरसी बुकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे मंजूर वजन. दोहोंतील फरक म्हणजे माल, असा हिशेब आपण करतो. वास्तविक रिकाम्या वजनात चालक आणि क्लीनर धरलेले नसतात, भरलेल्या वजनात मात्र ते येतात. दोन माणसांचे सव्वाशे-दीडशे किलो मालातूनच वजा होतात. मोठ्या ट्रकला हे जाणवत नाही. पाऊण टन पासिंगच्या छोट्या हत्तीला मात्र तो मालाचा पाचवा-सहावा हिस्सा आहे.

त्यात कापड हा फसवा माल. दाबून बांधलेली गाठ दिसायला लहान, वजनाला भारी. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि गाडी पासिंगच्या वर गेलेली असते. तयार कपड्यांचे उलट, वजन काहीच नाही, पण पोती फाळक्याबाहेर आणि टपाच्या वर. कायद्याने दोन्ही गुन्हे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. माल हौद्याबाहेर आला तरी २०,०००. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही आणि उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी. शिवाय ‘चालवणारा’ एवढेच शब्द तेथे नाहीत, ‘चालवायला लावणारा आणि चालवू देणारा’ हेही आहेत. ड्रायव्हरच्या नावाने बोट दाखवून व्यापारी सुटत नाही.

काही मंडळी म्हणतात, कमानपाटे वाढवा, बाजूच्या फळ्या उंच करा. पाटे वाढवल्याने पासिंग वाढत नाही आणि ब्रेकही मोठे होत नाहीत. कशेडी किंवा आंबेनळी उतरताना हे ज्याचे त्याला कळते. नोंदीपेक्षा वेगळा फेरफार कलम ५२ प्रमाणे मना आहे आणि मालकाला त्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड आहे.

एका व्याख्येने मात्र लहान माणसाला दिलासा दिला. ७,५०० किलोपर्यंतची गाडी ‘हलके मोटार वाहन’. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की, हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक या वजनाखालची मालवाहू गाडीही चालवू शकतो. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. त्याआधी या एका कारणावरून विमा कंपन्या दावे लढवत. तसेच ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. परंतु परमिट नाही म्हणजे वजनाचे बंधनही नाही, असा जो समज बाजारात पसरला आहे, तो साफ चुकीचा आहे.

माझी तक्रार कायद्याच्या हेतूबद्दल नाही. दोनशे किलो जादा भरलेला छोटा हत्ती आणि दोन टन जादा भरलेला ट्रक यांचा मूळ दंड सारखाच २०,००० असावा, हे मात्र न्यायाचे वाटत नाही. छोट्या हत्तीच्या कित्येक फेऱ्यांचे भाडे त्यात जाते. दंड पासिंगच्या प्रमाणात हवा आणि ही मागणी व्यापारी संघटनांनी सरकारकडे लेखी करावी. पेणच्या परिवहन कार्यालयाने या चार-पाच व्याख्या सोप्या मराठीत आणि उर्दूत छापून फलकावर लावल्या तर त्यांचेही काम हलके होईल.

तोवर दासगावच्या तीन-चार दुकानदारांनी मिळून एक मोठी गाडी ठरवावी, भिवंडीतच वजनकाट्यावर तोलून घ्यावी आणि काट्याची पावती बिल्टीला जोडावी. भाडे वाटून घेतले तर छोट्या गाडीपेक्षा फार जास्त पडत नाही.