एसीचा हिशेब आणि तिसरी पाळी

घरातील वातानुकूलन यंत्र, म्हणजेच बोलीतला एसी, बंद पडल्यावर दुरुस्त करावे की मोडीत काढून नवे आणावे, या प्रश्नाला सहसा एक ठोकळेबाज उत्तर दिले जाते. यंत्र आठ-दहा वर्षांचे झाले असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर नवे घ्यावे, असे ते उत्तर आहे. हा आडाखा सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु यंत्र वर्षाला किती तास चालते याची तो दखलच घेत नाही, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात सगळी मेख या तासांतच आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून चाकणच्या वाहन कारखान्यांपर्यंत वाढत गेलेल्या या वसाहतीत एकाच मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांचा दिवस वेगवेगळ्या पाळीनुसार उजाडतो, त्यामुळे एका बिऱ्हाडाला लागू पडणारे उत्तर शेजारच्याला लागू पडेलच असे नाही.

यंत्रावर चिकटवलेल्या तारांकित पट्टीपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ही पट्टी ज्या निकषावर तारे देते, तो निकष म्हणजे संपूर्ण हंगामात यंत्राने खोलीतून बाहेर काढलेली उष्णता आणि त्यासाठी खाल्लेली वीज यांचे गुणोत्तर. २०१८ पासून तो सक्तीचा झाला आणि जुलै २०२२ पासून त्याची मोजपट्टी आणखी कडक करण्यात आली, म्हणून आधीचे पाच तारे नंतरच्या पाच ताऱ्यांच्या तोडीचे नाहीत. पट्टीवर छापलेला वार्षिक वीजवापर मात्र वर्षाला १,६०० तास यंत्र चालेल असे गृहीत धरून काढलेला असतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या या परिसरात मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, केवळ रात्री, सात तास यंत्र लावणाऱ्या कुटुंबाचा वापर ६०० तासांच्या आसपासच राहतो. पहिला वळीव कोसळला की त्यातल्याही काही रात्री कमी होतात.

या फरकाचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. दीड टनी जुन्या यंत्राचा १,६०० तासांचा वापर १,२०० युनिट आणि नव्या पंचतारांकित यंत्राचा ७५० युनिट धरला, तर कागदावर वर्षाला ४५० युनिटांची बचत दिसते. (येथे टन हे वजन नसून उष्णता काढून घेण्याच्या गतीचे माप आहे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, त्यावरून ते आले.) प्रत्यक्षात ६०० तासांच्या घरात ही बचत १७० युनिटांवर येते, आणि युनिटला १२ रुपये धरले तरी ती वर्षाकाठी दोन हजारांच्या पुढे फारशी सरकत नाही. नवे यंत्र ४० हजारांचे आणि जुन्याची दुरुस्ती सहा हजारांची असेल, तर मधले ३४ हजार केवळ वीजबिलातून भरून निघायला सतरा वर्षे लागतील, आणि तितकी वर्षे ते नवे यंत्रही बहुधा टिकणार नाही. नवे घेतले की विजेच्या बचतीतच पैसे वसूल होतात, हे दुकानातले बोलणे अशा घरापुरते तरी खरे मानण्याचे कारण नाही.

तिसरी पाळी आली की मात्र गणित फिरते. रात्रपाळी करून सकाळी आठला मोशी किंवा चिखलीच्या वरच्या मजल्यावरील सदनिकेत परतलेला कामगार ज्या वेळी झोपतो, नेमक्या त्या वेळी डोक्यावरचा काँक्रीटचा स्लॅब तापू लागलेला असतो, आणि बाहेरची हवा जितकी गरम तितकी खोलीतली उष्णता बाहेर टाकायला यंत्राला अधिक वीज लागते. पाळी आठवड्याने बदलणारी असेल तर हंगामात दोनशेच्या आसपास तास वाढतात. परंतु घरात दोन मिळवती माणसे असून त्यांतले एक चाकणला पाळीत आणि दुसरे हिंजवडीत परदेशी वेळेनुसार काम करणारे असेल, तर यंत्राला विश्रांती अशी मिळतच नाही आणि १,२०० तासांचा आकडा सहज गाठला जातो. शिवाय महावितरणच्या घरगुती दररचनेत महिन्याला ३०० युनिट ओलांडल्यावर पुढच्या प्रत्येक युनिटचा दर चढतो, आणि एसीने वाढवलेली युनिटे नेमकी याच महागड्या टप्प्यात मोडतात. अशा घरात तेच ३४ हजार सात-आठ वर्षांत वसूल होऊ शकतात, म्हणून जुन्या यंत्रावर मोठा खर्च करण्यापूर्वी त्या घराने दोनदा विचार करावा, हे योग्यच होय.

अर्थात दुरुस्तीचा खर्च किती, हे बिघाड नेमका कोणता यावर ठरते, आणि येथे या पट्ट्यातील एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. यंत्र थांबले की ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारून मूळ कारणापर्यंत पोहोचायचे आणि ते कागदावर मांडल्याखेरीज सुटा भाग बदलायचा नाही, ही शिस्त ज्यांच्या अंगी कारखान्याने बाणवली आहे, तेच लोक घरी आलेल्या मेकॅनिकचे ‘कॉम्प्रेसर गेला’ हे दोन शब्द निमूटपणे मान्य करतात. कॉम्प्रेसर, म्हणजे वायू दाबून त्याला चक्रात फिरवणारा पंप, हा यंत्रातील सर्वांत महाग भाग. पण तो सुरू न होण्याचे कारण अनेकदा त्याच्या शेजारी बसवलेला, काही शे रुपयांचा कपॅसिटर असतो. बाहेरच्या युनिटचा पत्रा काढला की हा चंदेरी डबा दिसतो. निकामी झालेल्याचे झाकण पुष्कळदा फुगलेले असते, आणि त्यावर ५० मायक्रोफॅरड छापलेले असताना मीटर ३० दाखवत असेल तर दोष तेथेच सापडला म्हणायचा. अशा वेळी पंखा फिरतो, कॉम्प्रेसर मात्र नुसता घुमतो आणि काही सेकंदांत बंद पडतो. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या यंत्रात कॉम्प्रेसरची तपासणीही अवघड नाही: कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग या तीन टोकांपैकी रनिंग-स्टार्टिंगमधला रोध हा उरलेल्या दोन जोड्यांच्या बेरजेइतका भरला पाहिजे आणि कोणत्याही टोकाचा अर्थिंगशी संपर्क नसला पाहिजे. भोसरीतल्या वाइंडिंगच्या दुकानात हे शिकाऊ मुलालाही ठाऊक असते.

‘गॅस कमी झालाय’ हे निदान त्याहून अधिक वेळा ऐकू येते. एसीतला शीतक वायू बंद नळ्यांत फिरत असतो आणि वापराने संपत नाही; तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता पुन्हा वायू भरणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचा खर्च आताच ठरवून ठेवणे. योग्य पद्धत अशी की नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने गळती हेरावी, सांधा नीट करावा, निर्वात पंपाने आतली हवा व ओल काढून टाकावी आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेले ग्रॅम तोलून तेवढाच वायू भरावा. भाड्याच्या घरांत गळतीचे एक कारण अकरा महिन्यांच्या करारातच दडलेले असते, कारण करार संपला की यंत्र उतरते, तांब्याच्या नळ्या पुन्हा वाकवल्या जातात, टोके नव्याने पसरून नट आवळले जातात, आणि अशा दोन-तीन स्थलांतरांनंतर सांध्यांनी दगा दिला तर दोष यंत्राच्या वयाला देता येत नाही. उघड्या नाल्याजवळच्या इमारतींत आणखी एक कारण संभवते: सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे पाडून हळूहळू खातो, आणि तेथे नवी कॉइल बसवली तरी हवा तीच राहते.

बदलण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम कारण वीजबचतीचे नसून वायूचे आहे. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनचा थर विरळ करणारा असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने हद्दपार होत आहे, आणि त्याच्या यंत्रात आजचा आर-३२ परस्पर भरता येत नाही, कारण आर-३२ चा दाब अधिक असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. तेव्हा आर-२२ च्या यंत्राची कॉइल किंवा कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल, तर हातचे न राखता नवे घ्यावे. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने तो घाव थोडा हलकाही झाला आहे. इन्व्हर्टर यंत्रात पेच निराळा असतो. कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त करणारे त्याचे सर्किट विजेच्या चढउतारांना, आणि कित्येकदा आत शिरलेल्या एखाद्या पालीलाही बळी पडते, पण कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या हमीत बहुतेक वेळा हे सर्किट, वायू आणि मजुरी धरलेली नसते. प्रारूप बाजारातून गेले की सुटा भागही मिळेनासा होतो, आणि मग चांगले यंत्र निव्वळ त्या एका सर्किटवाचून भंगारात जाते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व संकेतस्थळही सुरू केले. सुट्या भागांची हमी हा त्यातला कळीचा मुद्दा असायला हवा.

भंगाराची वाट या शहरात दीर्घकाळ चिखली-कुदळवाडीकडे जात असे, जेथील गोदामे व शेडवर महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर बुलडोझर चालवला. भंगारवाला भाव करतो तो तांब्याचा. नळी कापताच सुटणाऱ्या वायूचा हिशेब कोणीच ठेवत नाही, वास्तविक आर-२२ चा एक किलो वातावरणाला सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत एसीचा समावेश असून त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रातून लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून जुन्याच्या बदल्यात नवे घेताना जुने यंत्र कोठे जाणार, हे दुकानदाराला विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

हे सारे शांतपणे पडताळायला मे महिना सोयीचा नसतो, कारण तेव्हा चांगल्या मेकॅनिकची वेळ मिळत नाही आणि दुकानदाराला घाई आपली नसून गिऱ्हाइकाची आहे हे पक्के ठाऊक असते. फेब्रुवारीतल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी यंत्र धुऊन घेतले, वायूचा दाब, कॉम्प्रेसर किती अँपिअर वीज ओढतो तो आकडा आणि कपॅसिटरचे मोजमाप कार्डावर उतरवून घेतले, आणि मागच्या उन्हाळ्यातील तीन महिन्यांची वीजबिले शेजारी ठेवली, तर त्या घराच्या तासांचा अंदाज बांधायला दुसऱ्या कोणत्या कागदाची गरज पडत नाही.