नावे नसलेली पाने

मूल्यांकनाचे वर्ष जवळ आले की महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापकांनाही एक्सेलची फाइल उघडावी लागते. 'नॅक'च्या सात निकषांपुरती, पाच वर्षांची माहिती ठरलेल्या तक्त्यांत भरायची म्हणजे हे काम कोणा एकाचे राहत नाही. मागील खेपेस मंगरूळपीरच्या आम्हां दोघांच्या वाट्याला जी फाइल आली तिच्यात चौऱ्याहत्तर शीट होत्या. त्यांची नावे अशी : 'शीट1', 'शीट1 (2)', 'नवीन', 'अंतिम', 'अंतिम खरे'. कोणत्या शीटवर काय आहे हे ती तयार करणाऱ्या कंत्राटी संगणकचालकाला तेवढे ठाऊक होते आणि तो वर्षभरापूर्वीच दुसरीकडे रुजू झाला होता.

त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, खाली डाव्या कोपऱ्यात छोटे बाण आहेत ना, त्यांच्यावर राइट क्लिक करा." केले, आणि सगळ्या शीटांची यादी समोर उभी राहिली. कंट्रोलसह पेजडाउन दाबले की पुढची शीट, पेजअप दाबले की मागची, हेही त्यानेच सांगितले. साधने शिकायला अर्धा तास पुरला. त्या यादीतील नावांचा अर्थ लावायला मात्र आठवडा गेला, आणि आमचे म्हणणे नेमके याच आठवड्याविषयी आहे.

आमच्या सहकाऱ्यांचे मत असे की हे कारकुनी काम आहे, वाङ्मयाच्या माणसाने त्यात जीव अडकवू नये. आम्हांला हे पटत नाही. पानाला नाव देणे, पानांचा क्रम लावणे, एका पानावरून दुसऱ्याकडे जाण्याची वाट आखणे ही पोथी लिहिणाऱ्याची कामे आहेत. सुट्या पानांच्या पोथीत समासात पत्रांक घालणारा लेखक हे जाणत होता की दोरा कधीतरी सुटणार आणि पाने विखुरणार.

पोथीही दूर राहू द्या, तलाठ्याचे दप्तर घ्या. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही, सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातेदाराची एकूण जमीन. गाव कोणतेही असो, क्रमांकाचा अर्थ बदलत नाही. सातबारावर नवे नाव चढले की शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक येतो. त्या क्रमांकाने सहाच्या नोंदवहीत जावे, तर नाव का बदलले ते तिथे लिहिलेले असते. रद्द झालेली नोंद कंसात जाते, पण वाचता येते. आमच्या फाइलीत मात्र कोणीतरी एक शीट खोडली होती आणि तिच्यावर विसंबलेल्या सूत्रांच्या जागी संदर्भ हरवल्याची खूण तेवढी उरली होती. काय हरवले, हे ती खूण सांगत नाही.

नावे द्यायला बसलो तेव्हा एक मौज कळली. एक्सेलमध्ये शीटच्या नावाला 31 खुणांची मर्यादा आहे. ही मोजणी आपल्या अक्षरांची नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, मधली मोकळी जागा, प्रत्येकाची वेगळी गणना होते. 'संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ' यात आपण सोळा अक्षरे मोजतो, एक्सेल 32 मोजते. आमच्या विद्यापीठाचे नाव एका खुणेने बाहेर राहिले! इंग्रजीत 31 म्हणजे ऐसपैस जागा. मराठीत जोडाक्षरे आली की ती निम्म्यावर येते. म्हणून मराठी नावे देऊच नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. आखूड आणि नेमके नाव शोधणे हे तर मराठीच्या माणसाचेच काम. आम्ही 'प्रवेश 2019-20', 'निकाल 2019-20' अशी नावे ठेवली. वर्ष सर्वत्र एकाच रीतीने लिहिले.

शोधण्याची गोष्ट याहून नाजूक. शोधाची चौकट मुळात समोरच्या शीटपुरतीच पाहते. पर्यायांत जाऊन 'वर्कबुक' निवडावे तेव्हा ती सगळ्या शीटांत जाते. तसे करूनही आम्ही विद्यार्थ्यांच्या पत्त्यांत 'मंगरूळपीर' शोधले तर निम्मे पत्ते निसटले. काहींनी 'मंगरुळपीर' असे ऱ्हस्व लिहिले होते, काहींनी 'मंगरूळनाथ'. बिरबलनाथांचे आणि दादा हयात कलंदरांचे हे गाव दोन्ही नावांनी ओळखले जाते, आणि गावात कोणाला त्याची अडचण होत नाही. यंत्राला ती दोन गावे वाटतात.

आमच्या हातूनही चूक झालीच. छपाईसाठी पाच वर्षांच्या पाच शीट एकत्र निवडल्या होत्या; ती निवड सोडायला विसरलो आणि एका वर्षाचा आकडा दुरुस्त केला. शीट अशा जोडलेल्या असल्या की एकीवर लिहिलेले सगळ्यांवर उमटते. वर शीर्षकात 'ग्रुप' असे लिहून आलेले असते, पण तिकडे पाहतो कोण? पाचही वर्षी मुलींची संख्या सारखीच कशी, असा प्रश्न पडेपर्यंत फाइल जतन होऊन बंदही झाली होती. जुनी प्रत त्याच संगणकचालकाच्या ईमेलमध्ये सापडली.

अशा चुका आरडाओरडा करीत नाहीत. ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या 15,841 रुग्णांची नोंद राष्ट्रीय आकड्यांत वेळेवर आलीच नाही. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत 65,536 ओळींपुढे जागा नव्हती, पुढचे रुग्ण गळून गेले आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध दिवसेंदिवस लांबला. आमच्या फाइलीत जीवितहानी नाही, हे खरे. परंतु शिष्यवृत्तीच्या यादीतून एखादी मुलगी गळाली तर तिच्या घरी तो आकडा राहत नाही.

आता फाइलीत पहिली शीट 'अनुक्रम' नावाची आहे. तीत प्रत्येक शीटचे नाव, तीवर काय आहे, कोणी व केव्हा भरले, आणि नावावर क्लिक केले की तिथे पोचण्याची सोय. प्रत्येक शीटच्या पहिल्या चौकोनातून परत अनुक्रमाकडे येण्याचा दुवा. निकषागणिक खालच्या पट्टीला वेगळा रंग आहे. वाणिज्य विभागाचे सहकारी आधी हसले, मग त्यांनी आपल्या फाइलीसाठी तो मागून नेला.

चौऱ्याहत्तरांपैकी तीन शीटांचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. आकडे आहेत, बेरजा जुळतात, पण कशाच्या ते कळत नाही. त्या आम्ही खोडल्या नाहीत. 'अनोळखी 1' ते 'अनोळखी 3' अशी नावे देऊन शेवटी ठेवल्या आहेत, आणि अनुक्रमात त्यांच्यापुढची जागा कोरी आहे.