पिल्लू घरी आणण्याआधी लसींच्या खर्चाची तजवीज करावी : नवलाख उंबरे येथील ग्रामस्थांना जाहीर आवाहन

भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्यांची वीण सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिकाच्या आसपास होते आणि दूध तुटलेली पिल्ले मार्गशीर्ष-पौषात घरोघर जाऊ लागतात. म्हणून ज्या घरांना पिल्लू पाळायचे आहे, त्यांनी त्याच्या पहिल्या वर्षाच्या लसींचे पैसे दिवाळीपासूनच बाजूला काढावेत, असे आवाहन नवलाख उंबरे व परिसरातील वाड्यावस्त्यांवरील ग्रामस्थांना करण्यात येत आहे.

हा खर्च एका इंजेक्शनाचा नसतो. गाईच्या चिकातून वासराला जशी रोगांना अटकाव करणारी शक्ती मिळते तशीच ती कुत्रीच्या पहिल्या दुधातून पिल्लाला मिळते. परंतु ती अंगात असेपर्यंत लसीचा परिणाम दबतो आणि ती नेमकी केव्हा ओसरेल हे बाहेरून कळत नाही. यामुळे पार्व्हो (रक्ती हगवण व उलट्या लावणारा विषाणुजन्य रोग), डिस्टेंपर आदी रोगांवरील एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. पहिली मात्रा देऊन पुढच्या टाळणाऱ्या घराचे पैसे बहुधा वायाच जातात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, सहसा दरवर्षी द्यावयाची असते. जंताचे औषध व दवाखान्यापर्यंतचे जाणे-येणे हेही हिशेबात धरावे.

भातखाचरांच्या या मुलखात लेप्टोस्पायरोसिसचाही विचार हवा, कारण उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरणारा हा रोग कुत्र्यांना व माणसांना दोघांनाही होतो. घेतलेल्या एकत्रित लसीत त्याचा समावेश आहे किंवा नाही, हे पशुवैद्यांना विचारून घ्यावे. हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू आणणारी घरेही याच टप्प्यावर हात आखडता घेताना दिसतात, हे नवलच. पार्व्हो झाल्यावर लागणारे सलाईन आणि दवाखान्याच्या रोजच्या फेऱ्या यांपुढे लसींचा खर्च किरकोळ ठरतो.

फारच ओढाताण असेल, तर रेबीजची लस कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. ही लस दहा मात्रांच्या बाटलीतही मिळते आणि उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी लागते, त्यामुळे आळीतील आठ-दहा घरांनी एकत्र येऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस ठरवल्यास दर मात्रेचा खर्च उतरू शकतो. बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहावी लागत असल्याने ती स्वतः खिशातून आणण्याच्या फंदात कोणी पडू नये. आजारी पिल्लाला त्या दिवशी नेऊ नये, आणि टोचलेल्या प्रत्येक लसीची तारीख कार्डावर लिहून घेतल्याखेरीज दवाखान्यातून निघू नये.