सटवाईच्या कोऱ्या कागदावर आपण काय लिहिणार?

पाथरी तालुक्यातल्या एका गावात मागच्या हिवाळ्यात एका कार्यकर्त्याच्या घरी जाण्याचा योग आला. घराच्या दर्शनी भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, दारावर निळा झेंडा. पोरगा हाडाचा कार्यकर्ता. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला न चुकता जाणारा. आणि घराच्या मागे बाभळीला बोकड बांधलेला. सव्वा वर्षाच्या नातवाचं जावळ होतं. मामा आले होते, देवीला नवस बोललेला होता आणि कंदुरीचा बेत होता.

आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारलं, "हे काय चाललंय?" तो खाली बघत म्हणाला, "मला मान्य नाही सर, पण मायपुढं बोलता येत नाही." आम्ही त्याच्या आईकडे वळलो आणि बावीस प्रतिज्ञांवर पाच-दहा मिनिटं बोललो. त्या बाईनं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तुमचं समदं खरं असंल बाबा. पर माझी तीन लेकरं गेली तवा कोन आलतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही जेवण न घेता परतलो, आणि तेही तोऱ्यात. तत्त्वाला जागलो याचा अभिमान वाटत होता. आज आमच्या घरात अडीच वर्षांची लेक आहे. तिला पहिल्यांदा ताप चढला त्या रात्री त्या बाईचा प्रश्न आठवला, आणि आमचं कुठं चुकलं ते कळलं.

मित्रांनो, लहान लेकराभोवती जितके विधी, नवस आणि गंडेदोरे गोळा झालेत तितके आयुष्याच्या दुसऱ्या कुठल्याच टप्प्याभोवती नाहीत. याला कारण आहे. लेकरं मरत होती. घरोघर मरत होती. म्हणून पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजायचा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि सटवाई रात्री येऊन लेकराचं नशीब लिहून जाईल म्हणून जागायचं. आपल्या पणज्या-आज्यांना लिहिता येत नव्हतं. लिहिण्यावर बंदीच होती. स्वतःच्या लेकराचं नशीब लिहिण्याचं काम त्यांनी सटवाईवर सोपवलं, कारण लेखणी त्यांच्या हाती कुणी दिलीच नव्हती.

जुनी नावं आठवून बघा. कचरू, दगडू, धोंडी, उकंडा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचं नाव निंदादर्शक असावं असा दंडक आहे, हे आपण सभांमधून सांगतो आणि ते खरंच आहे. पण या नावांमागे आणखी एक गोष्ट असायची. आधीची लेकरं दगावली की आई पुढच्या लेकराला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायची. वाटायचं, कचऱ्याला कोण नेणार? वरून लादलेली तुच्छता आणि आतून दाटलेली भीती, दोन्ही एकाच नावात बसलेली असायची.

बाबासाहेबांचं घर तरी याला अपवाद होतं का? स्वतः बाबासाहेब रामजी आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य. त्यांची बरीच भावंडं लहानपणीच गेली. पुढे बाबासाहेब आणि रमाई यांची पाच लेकरं. यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि शेवटी जुलै १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, हा बाप महाडला चवदार तळ्यावर उभा होता. आपण महाड सांगतो, पण त्याआधीची चार छोटी प्रेतं सांगत नाही.

या बापानं पुढे काय केलं ते नीट बघा. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या हक्काच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि त्याचा भार सरकारनंही उचलावा अशी भूमिका मांडली. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव कायदेमंडळात आणला. तो फेटाळला गेला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना खाणीत राबणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघरं सक्तीची करण्याची कायदादुरुस्ती केली. लेकरं मरतात या भीतीला बाबासाहेबांनी दिलेलं उत्तर हे असं होतं. त्या भीतीची त्यांनी कधी टिंगल केली नाही. आम्ही मात्र पाथरीच्या त्या घरात टिंगलच करून आलो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपण सटवाईचा कागद फाडला. ते योग्यच होतं, त्यात तडजोड नाही. पण फाडलेल्या कागदाच्या जागी दुसरा कागद ठेवला का? नामकरणाला बौद्धाचार्य येतात, त्रिसरण-पंचशील होतं, मेणबत्त्या लागतात, खीर वाटली जाते. चांगलंच आहे. त्यानंतर काय? त्यानंतर थेट पहिला वाढदिवस. आणि तो आपण कसा करतो?

चौकात दहा बाय पंधराचा बॅनर. त्यावर मध्ये केक हातात धरलेलं लेकरू, वर बाबासाहेब, खाली तीस शुभेच्छुकांचे फोटो. डीजे, मंडप, तीन मजली केक, चारशे माणसांचं जेवण. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यानं यासाठी बचत गटाचं कर्ज काढलं आणि त्याचे हप्ते लेकरू दोन वर्षांचं होईपर्यंत फेडले. ज्याचा वाढदिवस, ते डीजेच्या आवाजानं घाबरून मायच्या खांद्यावर रडत होतं. बोकड गेला आणि केक आला, एवढंच परिवर्तन आपल्याला हवं होतं का? कर्ज तेच आहे, 'लोक काय म्हणतील' हेही तेच आहे. देवीच्या जागी फक्त फ्लेक्स आला.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. लेकराच्या पहिल्या तीन वर्षांचा तो कोरा कागद आता आपल्या हाती आहे, आणि तो आपणच भरायचा आहे. त्यावर काय लिहायचं?

पहिली ओळ जन्मनोंदणीची. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तर वर्षभरात ते फुकट घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. शाळेत नाव घालण्यापासून पुढच्या सगळ्या कामांना तो लागतो. नोंदणीच्या वेळी कुटुंबाचा धर्म विचारतात, तिथे ठामपणे 'बौद्ध' सांगा. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान दिलं आहे. धर्म सांगितला तर सवलत जाईल ही भीती अजून खेड्यांत पसरवली जाते, ती खोटी आहे.

दुसरी ओळ लसीची. जन्मतःच बीसीजी आणि पोलिओ, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस आणि बूस्टर. ज्या गोवरानं आपल्या आज्यांची लेकरं नेली त्याची लस आज उपकेंद्रात फुकट मिळते. पण गोम इथेच आहे. पहिल्या लसी दवाखान्यात होऊन जातात. दीड वर्षाचा बूस्टर मात्र राहून जातो, कारण तोवर लेकरू चालायला लागलेलं असतं आणि सगळे निर्धास्त झालेले असतात.

तिसरी ओळ वजनाची. लेकराचं वजन पाचव्या महिन्यापर्यंत जन्माच्या साधारण दुप्पट आणि वर्षाला तिप्पट व्हायला हवं. सहा महिन्यांनंतर दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर लेकरू गंभीर कुपोषित आहे, ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं. अंगणवाडीताईकडे घेर मोजायची रंगीत पट्टी असते. उष्टावणाला सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवण्यापेक्षा, सहा महिन्यांनंतर लेकराला रोज घट्ट वरण-भात, अंडं, केळं मिळतंय का ते बघणं महत्त्वाचं. अंगणवाडी योजना १९७५ पासून चालू आहे. तिथलं वजन खरंच केलं जातं की घरी बसून रजिस्टर भरलं जातं, हे बघणं कार्यकर्त्याचं काम नाही का?

काही मित्र म्हणतील, हे आरोग्य खात्याचं काम झालं, यात चळवळ कुठे आहे? त्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम भागात दिवाळीनंतर एक चक्कर मारावी. वाड्याच्या वाड्या रिकाम्या दिसतील. कोयता कारखान्याला गेलेला असतो. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी निदान हंगामी वसतिगृहं तरी आहेत. दीड-दोन वर्षांचं लेकरू कुठे ठेवणार? ते मायबापाबरोबर जातं. त्याचं पहिलं पाऊल उसाच्या फडात पडतं, त्याचा दुसरा वाढदिवस कोपीत होतो, आणि तोही कुणाच्या लक्षात राहत नाही. माय पहाटे ऊस तोडायला लागते तेव्हा ते बांधावर पाचटाशेजारी झोपलेलं असतं. त्याचं लसीचं कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत असतं.

खाणीतल्या बाईच्या लेकराला ब्रिटिश राजवटीत पाळणाघर मिळवून देणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. फडातल्या बाईच्या लेकराला आज पाळणाघर नाही, आणि त्यासाठी आपण एकही मोर्चा काढलेला नाही. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केंद्राची 'पालना' योजना आहे, पोषण ट्रॅकरवर लेकराचं नाव दुसऱ्या अंगणवाडीत वर्ग करण्याची सोय आहे. मागायला कुणी जात नाही, म्हणून दोन्ही कागदावर राहतात.

आता घरातली गोष्ट. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढचे दिवस आपण सगळ्यांनी पाहिले. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. त्या दिवसांत दार वाजलं की आमची लेक दचकायची, रात्री उठून रडायची. तिच्या आजीनं मीठ-मोहरी घेतली आणि दृष्ट काढायला बसली. आमच्या तोंडावर शब्द आला होता, पण पाथरीची ती बाई आठवली. आम्ही आजीशेजारी बसलो, लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणालो, "आई, हिला दृष्ट लागलेली नाही. ही घाबरलीय. आपण सगळेच घाबरलोय." आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं मीठ-मोहरी बाजूला ठेवली आणि लेकीला थोपटत बसली. आजही कधी कधी ती आमच्या नकळत दृष्ट काढते, हेही सांगून टाकतो. एका रात्रीत कुणी बदलत नाही.

लेकीचं जावळ आम्ही गल्लीतल्या सलूनमध्ये काढलं. मामाला बोलावलं, त्याच्याच मांडीवर बसवलं. मामाची मांडी कुणा देवीच्या मालकीची नाही, ती नात्याची आहे, म्हणून ती ठेवली. नवस आणि बोकड सोडला. पहिल्या वाढदिवसाला घरातलेच वीस जण होते. वंदना झाली, शेवयाची खीर झाली. उरलेल्या पैशांतून लेकीच्या नावानं पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं.

आणि एक कबुली. पहिल्या वर्षात लेकीला लसीला प्रत्येक वेळी तिची आईच घेऊन गेली. आम्ही त्या वेळी कुठल्या तरी बैठकीत स्त्री-पुरुष समतेवर बोलत होतो. दीड वर्षाच्या बूस्टरला पहिल्यांदा आम्ही गेलो. रांगेत आम्ही सोडून एकही बाप नव्हता. कार्यकर्त्या बापांनो, तुमच्या लेकराचं शेवटचं वजन किती भरलं, ते कार्ड न बघता सांगता येईल का?

येत्या वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होईल. त्याच विहारात पौर्णिमेला एक वजनकाटा ठेवा. तीन वर्षांखालच्या लेकरांना घेऊन मायबाप दोघांनी यावं. अंगणवाडीताईला, आशाताईला मानानं बोलवा. कार्डं तपासा, राहिलेल्या लसी वहीत लिहून घ्या. कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीआधी करा, आणि कार्डाचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या. याला ना मंडप लागतो, ना देणगी.

पाथरीच्या त्या घरी आम्ही परत जाणार आहोत. या वेळी जेवून येऊ. त्या माउलीनं विचारलेल्या प्रश्नाला भाषणानं उत्तर देता येत नाही, हे आता कळलंय. नातवाचा बूस्टर झाला का, एवढंच आधी विचारू. तिची तीन लेकरं गेली तेव्हा कुणी आलं नव्हतं. आता आपण जायला हवं.

जयभीम! नमो बुद्धाय!