हवेचे माप कामगाराच्या कॉलरपाशी घ्या

शहरातील हवा आज ‘समाधानकारक’ आहे, असे सरकारी फलक सांगतो. पण कोणाची हवा? यंत्र बहुधा एखाद्या इमारतीच्या गच्चीवर असते. आपला माणूस असतो डिझेल शेडमध्ये, आर.एम.एस.च्या धुळकट थैल्यांपाशी, नाहीतर टपालाची पिशवी घेऊन भर चौकात.

हिशेब साधा आहे. समजा, कामाच्या आठ तासांत दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम सूक्ष्म धूळ आहे आणि उरलेल्या सोळा तासांत ५०. दिवसाची सरासरी होते १००. पीएम २.५ या सूक्ष्म धुळीची चोवीस तासांची भारतीय मर्यादा आहे ६०, जागतिक आरोग्य संघटनेची (२०२१) फक्त १५. फलकावर मात्र ५० दिसू शकतात!

खरे माप घेण्याची रीत जुनीच आहे. कमरेला छोटा पंप, कॉलरला गाळणकागद. पाळी संपली की कागदाचे वजन करायचे. १९८०च्या दशकात अमेरिकेतील चार रेल्वे कंपन्यांच्या पाचशेहून अधिक कामगारांचे असे माप घेतले गेले. कारकुनांपेक्षा इंजिन शेडमधील कामगारांच्या वाट्याला कितीतरी पट अधिक धूळ येते, हे त्यातून सिद्ध झाले. तेथील सुमारे ५५ हजार रेल्वे कामगारांच्या पाहणीत डिझेलच्या धुराचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध दिसला. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा धूर कर्करोगकारक ठरवला, त्यामागे अशाच अभ्यासांचा आधार होता. आकडा नसता, तर ‘विडीमुळे झाले’ म्हणून फाईल बंद झाली असती.

माप घरीही हवे. यार्डालगतच्या क्वार्टर्समध्ये खिडकीतून धूर येतो. गुजरातच्या खेड्यांत चुलीपाशी बसणाऱ्या बायांच्या अंगावर यंत्र लावून केलेला अभ्यास १९८३ सालीच प्रसिद्ध झाला. घरातील हवा बाहेरच्याहून वाईट असू शकते, हे तेव्हाच कळले.

म्हणून पी.एन.एम. आणि जे.सी.एम.च्या बैठकांत संघटनांनी तीन मागण्या लावून धराव्यात. धुळीच्या व धुराच्या प्रत्येक कामाचे अंगावरील माप दरवर्षी, उन्हाळ्यात व हिवाळ्यात घ्यावे. निकाल कामगाराच्या हाती लेखी द्यावा. आणि त्याच्या आधारे कोणालाही ‘मेडिकली अनफिट’ ठरवून खालच्या पदावर टाकू नये. दुरुस्ती हवेची व्हावी, माणसाची हकालपट्टी नव्हे.

बंधू-भगिनींनो, वेतनाचा पैसा न् पैसा आपण मोजून घेतो. श्वासाचा हिशेबही मागायला हवा.